बंबाची चव

बंबवाले पाणी चाखून बंब विकत. चाळीस वर्षांचा त्यांचा हा शिरस्ता, आणि त्याआधी त्यांच्या वडिलांचा. नवा बंब सकाळी पेटवायचा, दिवसभर तापता ठेवायचा आणि ऊन उतरलं की गिऱ्हाइकाला समोर उभं करायचं. मग काचेचा पेला खालच्या तोटीला लावायचा, पाणी जरा निवू द्यायचं, एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचे. गिऱ्हाइकाचा श्वास तेवढा वेळ अडकलेला. मग बंबवाले डोळे उघडून म्हणायचे, "गोड!" झालं. तेवढ्या एका शब्दावर गिऱ्हाईक बंब उचलून न्यायचं. हमीपत्र कुणी कधी मागितलं नाही, आणि मागितलं असतं तर ते कसं लिहितात हे बंबवाल्यांना माहीत नव्हतं.

हा गोडपणा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

साध्या बंबात आग आणि आंघोळीचं पाणी यांच्यात एक पत्रा असतो, बस. यांच्या बंबात पाणी दोन. एक थोडंसं, पाच-सहा लिटर. ते शेगडीभोवतीच्या पोकळीत तापायचं, तापलं की आपसूक नळीने वर चढायचं, टाकीच्या पोटात बसवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरायचं, आपली ऊब तिथे सोडायचं आणि थंड होऊन पुन्हा शेगडीकडे उतरायचं. दुसरं पाणी टाकीतलं, ऐंशी लिटर, वेटोळ्याच्या भोवतीचं. ते अंगावर घ्यायचं. ना वीज लागे, ना पंप. पहिल्या पाण्याने आत गंज चढू नये, ते थंडीत गोठू नये म्हणून त्यात औषध घातलेलं असे. ते अंगाला लागणं बरं नव्हतं, पोटात जाणं तर नाहीच. म्हणून सगळी कारागिरी एवढ्यासाठी, की ही दोन पाणी एकमेकांना भेटता कामा नयेत.

लग्न होऊन नवीनच आलेल्या बायकोला बंबवाल्यांनी हे सगळं मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं होतं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे जावाजावा की हो. एका घरात नांदायचं, एकमेकींशी बोलायचं नाही, आणि संसाराला ऊब मात्र द्यायची." त्या दिवसापासून दुकानात शेगडीच्या पाण्याला थोरली म्हणत आणि टाकीतल्या पाण्याला धाकटी.

परीक्षेच्या दिवशी थोरलीत औषधाऐवजी मीठ घालत, विरघळेल तेवढं. तिचं पाणी भरायची वाटी टाकीपेक्षा वर बसवलेली असे, त्यामुळे वेटोळ्याला सुईच्या अग्राएवढं जरी भोक असलं तरी थोरली धाकटीच्या घरात शिरणारच. दिवसभर तापवून संध्याकाळी धाकटीची चव घ्यायची. खारट लागली तर बंब उघडायचा. नाही लागली तर गोड.

मागच्या थंडीत बंबवाल्यांना ताप आला. आठ दिवसांनी गेला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. महिनाभरात येईल परत, असं डॉक्टर म्हणाले. महिना गेला, उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. चव काही आली नाही. कडू, गोड, खारट, सगळं तोंडात एकसारखं, ओल्या कागदासारखं. बंबवाल्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. मधल्या काळात एक लहान बंब विकला गेला, केशकर्तनालयातला. पेला तोंडाला लावून, डोळे मिटून, त्यांनी तेव्हाही गोड म्हटलं.

मनाची समजूत त्यांनी अशी घातली होती: सगळं काम आता लेक करते, आणि लेकीचं काम म्हणजे दगडावरची रेघ. सांधा पक्का असला की पाणी गोड असणारच. मग ते चाखून म्हटलं काय आणि न चाखता म्हटलं काय! रात्री अंथरुणावर पडलं की ही समजूत टिकत नसे, पण दिवसा टिके.

लेकीला सगळी गल्ली ठिणगी म्हणे. सात वर्षांची असताना भट्टीतली ठिणगी तिच्या झग्यावर पडली होती. दुसऱ्या पोराने भोकाड पसरलं असतं. हिने झगा झटकला आणि ठिणगी आली कुठून म्हणून भट्टीत डोकावायला गेली. आता तिशी ओलांडली तरी डोकावणं चालूच होतं.

घरात बिंग फोडलं ते बायकोने.

"भाजी कशी झालीय?" एका दुपारी तिने विचारलं. ठिणगी खाली दुकानात होती, जेवायला ही दोघंच.

"फक्कड."

"आणि कालची?"

"कालचीही फक्कड."

"काल मी मीठ घातलंच नव्हतं. आज तिप्पट घातलंय. मला तर घास गिळवेना." तिने आपलं ताट बाजूला सारलं. "अहो, तुम्हाला उद्या भुसा वाढला तरी फक्कड म्हणाल."

बंबवाल्यांचा हात ताटातच राहिला.

"पोरीला सांगा," ती म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"हा एवढा बंब जाऊ दे."

"मागच्या वेळीही एवढा जाऊ दे म्हणाला असाल, मनातल्या मनात."

चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईपासून लपवणार काय? ते पाणी प्यायले आणि उठले. त्यांना भीती होती ती निराळीच. डोळे अधू झाले होते, हाताला थोडा कंप होता, पत्रा उचलायचा तर कंबर दाद देत नव्हती. राहिली होती ती जीभ. ती गेली हे कळलं, तर उद्यापासून दुकानात आपण करायचं काय? स्टूल अडवून बसायचं?

हा बंब, म्हणजे ज्याच्यापायी सगळं अडलं होतं तो, नर्सबाईंचा होता. नर्सबाई एका व्हॅनमधून गावोगावच्या रस्त्यांच्या कामांवर जात. खडी फोडणारे, डांबर ओतणारे लोक तिथे ताडपत्रीच्या तंबूत राहत. डांबराने आणि गारठ्याने त्यांचे हातपाय फाटलेले. नर्सबाई जखमा धूत, मलम लावत, लेकरांना आंघोळी घालत. त्यासाठी गरम पाणी हवं, आणि उघड्या माळावर ते आणायचं कुठून?

"विजेचा गिझर घेऊन बघितला," बंब सांगायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या. "तिथे वीजच नाही. गॅसचा घेतला. वाऱ्याने विझतो. चुलीवर पातेलं ठेवलं तर पाण्यात राख, आणि तेच पाणी जखमेवर ओतायचं म्हणजे जखम परवडली."

"माझं पण सांगा," त्यांचा ड्रायव्हर मागून म्हणाला. हा माणूस शिडीसारखा उंच आणि तसाच हडकुळा. "तीन वर्षं थंड पाण्याने आंघोळ करतोय. आधी मी चांगला गुटगुटीत होतो."

"तू आंघोळ करतोस?" नर्सबाईंनी विचारलं.

ठिणगी हसली आणि खडू घेऊन फरशीवर बसली. पाहता पाहता तिने बंब काढला. टाकी आडवी, म्हणजे व्हॅनमध्ये डुलणार नाही. शेगडी वेगळी सुटणारी, वाळक्या काटक्या, गोवऱ्या, फळ्यांचे तुकडे, काहीही जाळा. चार कड्या, म्हणजे दोघांनी उचलावी. आणि टाकीला बाजूने झाकण, तिथून आतलं वेटोळं अख्खं बाहेर काढता येईल.

बंबवाले चष्मा वर सरकवून बघत होते. "बाहेर काढायचं तर आत सांधे द्यावे लागतील."

"दोन. एक वर, एक खाली."

"पोटात सांधा नको. आमचे वडील म्हणायचे."

"आजोबांचे बंब न्हाणीघरात एका जागी बसून असायचे, बाबा. हा खड्ड्याखड्ड्यातून उड्या मारत जाणार आणि दर गावचं निराळं पाणी पिणार. वेटोळं काढून घासता आलं नाही तर वर्षभरात त्यावर चुन्याचा थर बसेल. मग कितीही जाळा, ऊब थोरलीपाशीच."

बंबवाल्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. हे आपल्याला सुचलं नसतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि छाती उगाच दोन बोटं फुगली. पण आपला हात अजिबात नसावा हेही त्यांना सोसवेना.

"वरचा सांधा तू झाळ," ते म्हणाले. "खालचा मी."

तिने त्यांच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

तांबं झाळायचं, म्हणजे दुसरा धातू वितळवून जोडायचं, तर सांध्यावर आधी टाकणखार लावतात. पांढरी पूड असते. तापली की ती काचेसारखी वितळते, तांब्यावरचा मळ खाते, आणि मग चांदीचा झाळ सांध्यात पाण्यासारखा पळतो. निवल्यावर मात्र हीच काच घातक. ती गरम पाण्याने, ब्रशने, खरवडून धुवावी लागते, कारण झाळ कुठे कमी पडला असेल तर त्या भोकावर ती झाकण होऊन बसते. दिसायला सांधा चकचकीत, आत पोकळ. बंबवाल्यांनी हे ठिणगीला हजारदा बजावलं होतं.

त्यांनी सांधा झाळला तेव्हा ज्वाळेची बत्ती हातात थरथरली, पण झाळ पळाला. ते खूश झाले. सांधा बादलीत बुडवला, चुर्र आवाज आला, फडक्याने पुसला. चांगला चमकत होता. मग सायकलच्या पंपाने वेटोळ्यात हवा भरली आणि पाण्याच्या हौदात बुडवून बघितलं. एक बुडबुडा आला नाही. वेटोळं टाकीत गेलं.

परीक्षेच्या संध्याकाळी नर्सबाई आणि ड्रायव्हर हजर झाले. दुसऱ्या दिवशी उजाडता त्यांना एका दूरच्या कामावर जायचं होतं. तिथल्या लोकांना त्यांनी गरम पाण्याचा शब्द दिलेला. बंब सकाळपासून अंगणात पेटलेला होता. टाकीला हात लावला तर चटका बसत होता आणि ड्रायव्हर तिला पाठ टेकवल्यासारखं करून, मांजरासारखा उभा होता.

बंबवाल्यांनी पेला घेतला. खालच्या तोटीतून पाणी सोडलं. फुंकर घातली, घोट घेतला, डोळे मिटले. तोंडात नेहमीचा ओला कागद. त्यांनी डोळे उघडले.

"गोड!"

"चला," नर्सबाई म्हणाल्या. "उचला रे."

"थांबा," ठिणगी म्हणाली.

ती स्टुलावर चढून थोरलीच्या वाटीत बघत होती. "दोन बोटं उतरलंय."

"वाफेने उतरतंच," बंबवाले म्हणाले.

"एवढं नाही उतरत." ती खाली आली, वडिलांच्या हातातला पेला घेतला, विसळला, पुन्हा भरला. आजवर कधी तिने पेल्याला हात लावला नव्हता. ते वडिलांचं काम. एक घोट घेऊन ती तशीच उभी राहिली. दुसरा घेतला. मग उरलेलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं.

"हा बंब न्यायचा नाही."

कडीकडे गेलेला ड्रायव्हरचा हात मागे आला.

"पण आत्ताच तुमचे वडील गोड म्हणाले," नर्सबाई म्हणाल्या.

"म्हणाले. मला खारट लागतंय." ठिणगीचा आवाज बारीक झाला होता, पण हलत नव्हता. "वरचा सांधा मी केलाय. कच्चा राहिला असणार. उघडून बघते."

ड्रायव्हर एकदा बापाकडे बघे, एकदा लेकीकडे. गल्लीत कुणालाही विचारलं असतं तर त्याने बापाच्या बाजूने कौल दिला असता. बंबवाल्यांना हे ठाऊक होतं. एवढंच म्हणायचं होतं, "पोरी, तुझ्या जिभेला काय कळतंय अजून?" नर्सबाई हसल्या असत्या, बंब व्हॅनमध्ये चढला असता, आणि चाळीस वर्षांचा शब्द जागच्या जागी राहिला असता. वाक्य जिभेवर आलंही. चव नव्हती तरी ते वाक्य त्यांना तिथे जाणवलं.

पण समोर लेक उभी होती. गिऱ्हाइकासमोर, बापासमोर, स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूला तिने नाही म्हटलं होतं, आणि तेही दोष स्वतःच्या पदरात घेऊन. आपल्या उभ्या हयातीत आपण असं कधी केलं? बंबवाल्यांना आठवेना. खारट निघाले ते बंब त्यांनी गिऱ्हाईक यायच्या आधीच गुपचूप उघडले होते.

"उघडू या," ते म्हणाले.

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "उद्याचं काय पण? लोक वाट बघतायत."

"सांधा आज करते," ठिणगी म्हणाली. "परीक्षेला मात्र पूर्ण दिवस लागतो. तो कमी होणार नाही."

"मग परीक्षा तिकडेच करा. तुम्हीही चला दोघं."

व्हॅन गेली. बापलेकींनी आग काढली, टाकी रिकामी केली आणि वेटोळं बाहेर ओढलं. ठिणगीने हौदात या खेपेला गरम पाणी भरलं, वेटोळं बुडवलं, वरच्या सांध्यावर नजर लावून म्हणाली, "मारा पंप."

बंबवाल्यांनी पंप मारला. वरचा सांधा मुका. खालच्या सांध्यापासून मात्र एक बुडबुडा निघाला, मोत्याएवढा. त्याच्या मागे दुसरा. मग रांगच लागली.

ठिणगीने बोटाने सांधा चाचपला. नखाला काचेचा एक पापुद्रा लागला, अर्धा विरघळलेला.

"टाकणखार," ती म्हणाली. "धुवायचा राहिला. थंड पाण्यात भोक झाकून बसला होता."

"मी फडक्याने पुसला," बंबवाले म्हणाले. "गरम पाण्याने धुतला नाही. चमकत होता म्हणून..."

"हजारदा मला सांगितलंत!"

"हजारदा सांगण्यातच माझा जन्म गेला. करायचं राहिलं."

तिला हसू येणार होतं, पण आलं नाही. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "सांध्याचं सोडा, बाबा. पाणी चांगलं खारट होतं. आसवांइतकं. तुम्ही गोड कसं म्हणालात?"

आता आडपडदा ठेवण्यात अर्थ नव्हता. बंबवाले हौदाच्या कठड्यावर बसले. "मला चव कळत नाही, ठिणगे. मागच्या तापापासून."

"वर्ष होत आलं!"

"हो."

"मधे केशकर्तनालयाचा गेला."

"हो."

ती ताडकन उठली. "तिथे लोकांच्या डोक्यावर ओततात ते पाणी! लहान मुलं येतात! अहो, विचारायचं तरी मला. एक घोट मी घेतला असता, तुम्ही गोड म्हणाला असतात. काय बिघडत होतं?"

"तेच बिघडत होतं."

ती पुढे बोलणार होती, तेवढ्यात आई दारात आली. तिने सगळं ऐकलं असावं. हातात मिठाची पिशवी होती, चांगली दोन किलोची.

"केशकर्तनालयात मी जाते उद्या," ती म्हणाली. "थोरलीतलं औषध काढायचं, मीठ घालायचं, दिवसभर तापवायचं, संध्याकाळी चाखायचं. इतकी वर्षं ऐकतेय, मला येतं. आणि मला जीभ आहे, हे तर तुम्ही दोघंही कबूल कराल."

ते मात्र बापलेकींनी एका सुरात कबूल केलं.

खालचा सांधा त्या संध्याकाळी ठिणगीने झाळला. बंबवाल्यांनी बत्ती मागितली नाही. त्यांनी पाणी तापवलं, ब्रश घेतला, आणि सांधा असा घासला की ठिणगीला म्हणावं लागलं, "बास, झिजेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन बंबाला आणि बापलेकींना घेऊन माळावर पोचली. एका बाजूला खडीचे ढीग, डांबराची काळी पिंपं, रोलर. दुसऱ्या बाजूला तंबूंची ओळ. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. बंब दोघांनी कड्यांना धरून उतरवला, शेगडी जोडली, मीठ घातलं, पेटवला. बंबवाले काटक्या गोळा करायला लागले, ड्रायव्हरही मागे गेला. वाऱ्यात आग फुरफुरली, पण विझली नाही.

दुपारपर्यंत टाकीच्या वरच्या झाकणातून वाफ दिसायला लागली, आणि वाफ दिसली तशा बादल्या आल्या. जेवणाच्या सुट्टीत बायकांची रांगच लागली. सगळ्यांच्या पुढे खडी फोडणारी एक म्हातारी, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा.

"तापलं ना पाणी?" तिने विचारलं.

"तापलंय, आजी," ठिणगी म्हणाली. "पण अजून चाखायचंय. संध्याकाळी."

"आंघोळीचं पाणी चाखतेस? आम्हाला शिजवणार आहेस की काय?"

रांगेत हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "मीठ बघतायत, आजी! तुम्हाला किती लागेल?"

"मला मुरवायला फार वेळ लागेल," आजी म्हणाली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसली. "बसते मी. संध्याकाळ काय, येईलच."

एका बाईच्या कडेवर लेकरू होतं, नाक वाहणारं, गाल फुटलेले. "माझ्या पोरापुरतं तरी द्या हो," ती म्हणाली. नर्सबाईंनी ठिणगीकडे पाहिलं. पाणी समोर होतं, कढत होतं. ठिणगीचे डोळे त्या लेकरावरून निघेनात.

"नाही, ताई," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच तर थांबलेय."

बंबवाले काटक्या मोडत होते. त्यांचे हात थांबले. आपण असतो तर दिलं असतं, त्यांना वाटलं. त्या बाईचा चेहरा बघून दिलं असतं आणि त्यालाच दया समजून बसलो असतो. ही पोरगी कुणावर गेली? आपल्यावर तर नक्की नाही. आणि हा विचार त्यांना इतका सुखाचा वाटला की त्यांनी दोन काटक्या उगाचच मोडल्या.

काम सुटलं तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. सगळा तांडा बंबाभोवती जमला. थोरलीची वाटी ठिणगीने बघितली आणि बोटाने मापली. ड्रायव्हरने पेला धुऊन आणला आणि सवयीने बंबवाल्यांपुढे धरला.

"घ्या काका. होऊ द्या तुमचं गोड."

बंबवाल्यांनी पेला हातात घेतला. घसा साफ केला. चार माणसांत बोलायचं म्हटलं की ते पाय मागे घेत. इथे पन्नास माणसं होती.

"एक सांगायचं आहे," ते म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही. "मोठ्याने!" आजीने फर्मावलं. "एक सांगायचं आहे!" ते पुन्हा म्हणाले. "माझ्या जिभेला चव नाही. वर्षभर नाही. काल मी याच बंबाचं पाणी चाखून नर्सबाईंना गोड म्हणालो, आणि ते खारट होतं. सांधा गळत होता, तो सांधाही मी केलेला. काल जर हा बंब गेला असता, तर आतलं औषध तुमच्या जखमांना लागलं असतं. गेला नाही, कारण या मुलीने अडवला." ते ठिणगीकडे वळले. "म्हणून आता ती चाखेल. ती नाही म्हणाली तर नाही."

त्यांनी पेला ठिणगीकडे दिला. नर्सबाई रागावतील असं त्यांना वाटलं होतं, पण त्यांनी ठिणगीला तोटीपाशी जागा करून दिली.

ठिणगीने खालची तोटी सोडली. पेला भरला. फुंकर घातली. एक घोट घेतला. तिने डोळे मिटले नाहीत, उघडेच ठेवले, दूर कुठेतरी लावले. मग वरच्या झाकणातून थोडं पाणी काढून तेही चाखलं. पुन्हा खालचं.

बंबवाले गर्दीत उभे होते, आजीच्या शेजारी. आजवर ते नेहमी तोटीपाशी असत. इथून बघताना वेळ किती लांबतो, छातीत कसं होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं इतक्या माणसांना आपण असं उभं केलं? काही वेळा तर मजा म्हणून डोळे जरा जास्तच मिटून ठेवले होते. त्यांनी नकळत आजीच्या हातातली बादली घट्ट धरली.

ठिणगीने पेला उपडा केला.

"घ्या पाणी," ती म्हणाली. "आधी ते लेकरू."

एकच गलका झाला. बादल्या वाजल्या.

"नक्की ना?" बंबवाले पुढे होऊन म्हणाले. "पुन्हा एकदा, खालच्या तोटीचं..."

"बाबा!"

"नाही, आपलं सवयीने." ते मागे सरले. पोरीने पन्नास माणसांत आपल्याला गप्प केलं, आणि आपण ओठ दाबून हसतोय, हे त्यांना कळलं.

लेकराच्या अंगावर पहिला तांब्या पडला तेव्हा ते दचकलं, मग एकदम शांत झालं. वाफ वर चढत होती. नर्सबाईंनी बाह्या सरसावल्या आणि आजीच्या टाचा परातीत घेतल्या. कढत पाण्याने आजीने आधी एक शिवी हासडली, मग डोळे मिटले.

"कोण हो ती?" थोड्या वेळाने डोळे न उघडताच तिने शेजारी बसलेल्या बंबवाल्यांना विचारलं. "ती तोटीपाशी उभी आहे ती."

बंबवाल्यांनी लेकीकडे पाहिलं. ती रांग लावत होती, एकाला दटावत होती, दुसऱ्याची बादली सरळ करत होती, आणि तिच्या गालाला शेगडीची काजळी लागली होती.

"ती बंबवाली," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी तिचा बाप." शेगडीतली आग जरा बसल्यासारखी दिसत होती. बंबवाले गुडघ्यावर हात टेकून उठले. "थांबा हं, लाकडं घेऊन येतो."